साडेसहा मिलिमीटर

आईने त्या सकाळी तुळस पुसली नाही. घडलं ते एवढंच, आणि तरी गेले तीन महिने ते माझ्या मनातून जात नाही.

शेजारची चार मजली इमारत दिवाळीनंतर पाडली आणि तिथे पुनर्विकासाचं काम सुरू झालं. मुलुंडमध्ये आता गल्लोगल्ली हेच चाललंय, त्यामुळे धुळीचं वेगळं वर्णन करायला नको. आमच्या गॅलरीत तुळशीची कुंडी आहे. आई ८१ वर्षांची. आंघोळ झाली की पूजेच्या आधी ती वडिलांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला करून घट्ट पिळते, स्टुलावर बसते आणि एकेक पान दोन बोटांत धरून पुसते. आधी वरून, मग खालून. नुसतं पाणी मारून भागत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सिमेंटची धूळ ओली झाली की पानावरच धरते आणि वाळली की खरपुडी होते. या कामाला तिला रोज अर्धा तास लागायचा. त्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर ती स्टुलावर बसलेली, फडकं मांडीवर तसंच घडी केलेलं. म्हटलं, काय गं, बरं वाटत नाहीये का? तर म्हणाली, "बरी आहे रे. पण काल पुसलं, परवा पुसलं, रोज पुसतेय. पुसून पुसून पानंच पातळ झालीत बघ." मी वाकून पाहिलं. खरंच, खालच्या पानांच्या कडा विरल्या होत्या, दोन-तीन पानांवर घासल्याच्या तपकिरी रेघा होत्या. धुळीने पान मेलं नव्हतं. धूळ काढण्याने झिजलं होतं.

हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलंय, असं वाटत राहिलं. वेगळ्या भाषेत, वेगळ्या जीवाबद्दल.

मग पायलिंगचं मशीन आलं. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइटचा पातळ चिखल भरतात. एका संध्याकाळी त्यांच्या टाकीतून तो रस्त्यावर सांडला आणि आमच्या फाटकापर्यंत करड्या सायीसारखा पसरला. मी भाजी घेऊन येत होतो. पिशवी खाली ठेवली, वाकलो, चिमूटभर चिखल अंगठा आणि तर्जनीत चोळला. गुळगुळीत, साबणासारखा निसटता, आणि तो वास, पहिल्या पावसाच्या मातीचा नव्हे, बंद तळघरातल्या ओल्या भिंतीचा. तीस वर्षांनी बोटांनी तो बरोबर ओळखला. आयुष्यातली सगळ्यात जास्त वर्षं मी याच चिखलाच्या आसपास काढली आहेत. समुद्रात तेलविहिरी खोदताना त्याला आम्ही मड म्हणायचो, आणि जिथून तो परत यायचा त्या शेकरपाशी माझी ड्यूटी असायची.

मी मूळचा भूशास्त्राचा विद्यार्थी. १९९२ साली मड लॉगिंगच्या, म्हणजे मडबरोबर वर येणाऱ्या दगडाची नोंद ठेवण्याच्या कामाला लागलो. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस घरी. ड्रिलिंगचं तंत्र सांगत बसत नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. पोकळ पाइपातून मड खाली जातो, बिटच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाच्या तोंडातून बाहेर पडतो आणि फुटलेल्या दगडाचा चुरा उचलून पाइपाच्या बाहेरच्या बाजूने वर घेऊन येतो. वर थरथरणाऱ्या चाळण्या असतात, त्या शेल शेकर. मड चाळणीतून गळून टाकीत परत जातो आणि चुरा, ज्याला सगळे कटिंग्ज म्हणतात, चाळणीच्या टोकाशी येऊन खाली पडतो. ठरावीक खोली वाढली की मी तिथे थाळी धरायचो. कानठळ्या बसवणारी घरघर, गरम वाफ, पायाखाली निसरडं. मूठभर कटिंग्ज घ्यायचे, नळाखाली चाळणीत धुवायचे, धूत राहायचे, पाणी नितळ येईपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली. मग अल्ट्राव्हायोलेटच्या पेटीत, अंधारात. त्यात एखादा कण सोनेरी पिवळा चमकला की छातीत धडधडायचं, कारण ते तेल.

मला ते काम मनापासून आवडायचं. मुंबई हायच्या चुनखडकात एकपेशीय समुद्रजीवांची कवचं असतात, तांदळाच्या कणीएवढी, आत नाजूक कप्पे केलेली. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी तळाशी बसलेला जीव रात्री तीन वाजता माझ्या भिंगाखाली यायचा. दोन हजार मीटरवरचा दगड वर यायला तासभर लागतो, त्या अवधीला लॅग म्हणतात, आणि तो नीट मोजणं हे माझं काम. आत्ता दिसतोय तो दगड तासापूर्वीचा, हे भान सतत ठेवावं लागतं. ते चुकलं तर सगळी नोंद चुकते. धुतलेला, वाळवलेला नमुना छोट्या पाकिटात भरायचा, वर मार्करने विहिरीचा नंबर आणि खोली लिहायची. अशी किती हजार पाकिटं मी भरली असतील. त्यातली तीन अजून माझ्या कपाटात आहेत.

मी ठेवायचो ती मूठभर. बाकीचं समुद्रात जायचं.

ते किती असतं याचा हिशेब मी कितीतरी वर्षं मांडलाच नव्हता, अंकगणित शाळेतलं असूनही. साडेसतरा इंच व्यासाचं भोक हजार मीटर खोदलं तर दीडशे घनमीटरच्या वर दगड बाहेर येतो, म्हणजे चारशे टनांच्या आसपास. वीस टनांचा डंपर धरला तर वीस डंपर. आणि हा विहिरीचा एक टप्पा. त्याच्या वर याहून रुंद भोक असतं, खाली अरुंद. शिवाय सुरुवातीचा टप्पा खोदताना चुरा रिगपर्यंत आणतही नाहीत, तो भोकाच्या तोंडाशी, समुद्रतळावरच साचतो. जाड तुकडे विहिरीभोवती ढीग करतात. बारीक पूड पाण्यात तरंगत राहते आणि प्रवाह नेईल तिकडे जाते, शेकडो मीटर, कधी त्याहून लांब. शेकरपाशी उभं राहून मी ती पडताना पाहिलेली आहे. करडा पट्टा पाण्यात उतरायचा, थोडा पसरायचा आणि पाणी पुन्हा हिरवं. मला वाटायचं, संपलं.

२००९ मध्ये मी नॉर्वेला गेलो, स्टाव्हांगरला. तिथे मराठी घरं बरीच निघाली, सगळी तेलाच्या धंद्यातली. गणपती बसायचा, दिवाळीला चकल्यांची सोऱ्यासकट देवाणघेवाण व्हायची. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सागरी जीवशास्त्रज्ञ बसायची, निवृत्तीला आलेली, शांत बाई. विहीर खोदण्याआधी तिथे समुद्रतळ तपासावा लागतो, खाली प्रवाळ आहे का ते पाहण्यासाठी. मला ते ऐकून नवल वाटलं. प्रवाळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप, उबदार निळं पाणी, ऊन. सात-आठ अंशांच्या पाण्यात, तीनशे मीटर खाली, जिथे सूर्याचा एक किरण पोचत नाही तिथे प्रवाळ? तिने काही न बोलता खुर्ची सरकवली आणि मला तिच्या स्क्रीनसमोर बसवलं.

केबलला बांधलेल्या यंत्राच्या कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण होतं. आधी नुसता काळोख आणि दिव्याच्या झोतात सतत पडणारे पांढरे कण, वरच्या थरातल्या मेलेल्या जीवांचे अवशेष, पिठीसारखे. आकार कळावा म्हणून लेझरचे दोन लाल ठिपके शेजारी शेजारी. तळ करडा, सपाट, कंटाळवाणा. मग तळ चढू लागला आणि एकाएकी झोतात फुललेला मोगरा यावा तसं पांढरं शुभ्र काहीतरी आलं. मागे आणखी, त्यामागे केशरी, गुलाबी. फांद्यांत फांद्या गुंतलेली झुडपं, माणसाहून उंच. प्रत्येक फांदीच्या टोकाशी नखाएवढा पेला आणि पेल्याबाहेर पसरलेली पारदर्शक बोटं. फांद्यांच्या आडोशाला लालभडक मासे ढिम्म बसलेले, जणू दिवा त्यांच्यासाठी नव्हताच. मी रिगवर इतकी वर्षं काढली, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ कणाकणाने पाहिला. जिवंत समुद्रतळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, ऑफिसातल्या खुर्चीत बसून.

या प्रवाळाचं नाव लोफेलिया. शास्त्रज्ञांनी अलीकडे ते बदलून डेस्मोफायलम केलंय, पण तिच्या तोंडी लोफेलियाच होतं, माझ्याही तेच राहिलं. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न शिजवून देतं. याला तो आधार नाही. पाण्यातून वाहत येईल ते बोटांनी पकडायचं आणि त्यावर जगायचं. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर. मध्य नॉर्वेच्या किनाऱ्यापाशी सुला नावाचं प्रवाळाचं बेट आहे, पाण्याखालचं, तेरा किलोमीटर लांब. साडेआठ हजार वर्षांचं. म्हणजे हिमयुगाचं बर्फ मागे सरलं आणि थोड्याच काळात तिथे पहिल्या फांदीने मूळ धरलं. लोफोटेनजवळचं रोस्ट बेट त्याहून मोठं, सुमारे ३५ किलोमीटर लांब, आणि ते सापडलं २००२ साली. एवढं मोठं काही इतकी वर्षं कुणाला माहीत नसावं याचं मला आश्चर्य वाटलं, तर ती म्हणाली, कोळ्यांना माहीत होतं. त्यांच्या गळाला, जाळ्याला तुकडे लागायचे आणि तिथे मासे भरपूर मिळतात हे त्यांचे आजे-पणजे सांगायचे. ट्रोन्हाइमचा बिशप गुनेरुस याने १७६८ मध्ये नॉर्वेच्या प्रवाळांबद्दल लिहूनही ठेवलंय. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी आली आणि नॉर्वेच्या पाण्यातली तीस ते पन्नास टक्के प्रवाळ-बेटं त्यांनी मोडली किंवा इजा केली, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९९९ मध्ये सुलावर तशी जाळी ओढायला बंदी आली. ही मोडतोड दिसते, तिचे फोटो काढता येतात. चिखलाचं तसं नसतं.

तिने मला दुसरी एक फीत दाखवली, प्रयोगशाळेतली, पळवून छोटी केलेली. काचेच्या टाकीत लोफेलियाची बोटभर फांदी. वरून करडी पूड सोडलेली. पूड पेल्यात, बोटांवर, फांदीच्या पाठीवर बसली. थोडा वेळ काहीच नाही. मग बोटं आत वळली, अंगावर चिकट पातळ स्राव सुटला, पूड त्यात गुंडाळली गेली आणि त्या स्रावाचा दोरा होऊन हळूहळू कडेवरून खाली ओघळला. पेला पुन्हा स्वच्छ. इतकं नेटकं, इतकं शांतपणे की माझ्या तोंडून "वा!" निघालं. ती म्हणाली, "झाडलोट करतोय. तोवर जेवण बंद." आणि मग ती पूड पुन्हा पडली. पुन्हा बोटं आत. पुन्हा दोरा.

ती पूड म्हणजे माझे कटिंग्ज होते.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्यार्नोला एक सागरी प्रयोगशाळा आहे. लार्सन आणि पर्सर या दोघांनी लोफेलियावर नैसर्गिक गाळ आणि कटिंग्ज पुन्हा पुन्हा टाकून पाहिले, त्यांचा लेख २०११ मध्ये आला. तिने तो मला वाचायला दिला आणि मी तो घरी नेऊन रात्री वाचला. साडेसहा मिलिमीटर जाडीचा थर दिला तर जवळजवळ सगळे पॉलिप, म्हणजे पेल्यातले ते जीव, जगतात, मरतात ते अर्धा टक्का. एकोणीस मिलिमीटर दिला तर पावणेचार टक्क्यांच्या आसपास. जो पूर्ण गाडला जातो तो मरतो, जो डोकं बाहेर काढू शकतो तो वाचतो. आकडे वाचून माझा पहिला विचार हा होता की, चला, फार काही नाही. मी तसा विचार केला हे लिहायला मला जड जातंय, पण केला. इतकी वर्षं शेकरपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढं तरी हवं असतं. पण पुढे लिहिलं होतं की, पॉलिपच्या मधली जी कातडी फांदीला झाकून असते, ती पुन्हा पुन्हा गाळ साचला तिथे झडली. आणि दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका लेखात बारा आठवडे पाण्यात सतत पूड तरंगत ठेवली होती, लिटरमागे सुमारे पंचवीस मिलिग्रॅम. मेलं कुणी फारसं नाही. पण पॉलिपनी बोटं कमी वेळ बाहेर काढली, आणि हाडाची वाढ कमी झाली.

आईचं वाक्य मी आधी ऐकलं होतं ते इथे. "ते मरत नाहीत," त्या बाई मला म्हणाल्या होत्या, "ते थकतात. आपण मोजायला जातो मेलेले."

या धंद्यातल्या लोकांवर, म्हणजे माझ्यावरही, नुसता ठपका ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. पूर्वी उत्तर समुद्रात डिझेल आणि तेल मिसळलेला मड वापरत आणि त्याचे कटिंग्ज तसेच खाली सोडत. जुन्या प्लॅटफॉर्मखाली त्याचे ढीग अजून आहेत. ते विष होतं आणि ते थांबवलं गेलं. नॉर्वेने १९९३ पासून, बाकीच्या देशांनी पुढे ठरावाने, एक टक्क्याहून जास्त तेल असलेले कटिंग्ज टाकायला मनाई केली. त्यानंतर समुद्रात सोडला जात राहिला तो पाण्यातला मड. त्यात मुख्यतः असतं काय? माती आणि दगडाची भुकटी. बेंटोनाइट, जे आपल्या कच्छात निघतं. आणि वजनासाठी बराइट, हातात घेतला तर नुसता पांढुरका दगड, पण साध्या दगडाहून कितीतरी जड. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला त्याची जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक खाण आहे, तिथला माल जगभरच्या रिगवर जातो. या गोष्टी तपासल्या गेल्या, विषारी नाहीत असं ठरलं, आणि ते खरंही आहे. मीच किती जणांना सांगितलंय, अहो, माती आहे हो ती. मातीच होती. आमच्या गॅलरीत येते तीही मातीच आहे, वाळू आहे, सिमेंट आहे. तुळशीला विषबाधा झालेली नाही. प्रश्न विषाचा आहे का एवढंच आम्ही विचारत राहिलो. रोज पुसायचं काम कुणावर पडतंय, हे विचारायला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नीट करता येतं, हेही मी पाहिलंय. मध्य नॉर्वेपाशी मॉर्विन नावाच्या तेलक्षेत्रात विहिरींच्या आसपास प्रवाळ होतं. तिथे २००९-१० मध्ये खोदकाम करताना कटिंग्ज जागेवर सोडले नाहीत. पाइपाने काही अंतरावर, प्रवाह प्रवाळाच्या बाजूला वाहून नेणार नाही अशा जागी नेऊन सोडले. गाळ मोजायची भांडी ठेवली, कॅमेरे ठेवले, आधी-नंतरची चित्रं घेतली. पूड तरीही काही झुडपांपर्यंत पोचली. पण पॉलिपच्या वागण्यात ठळक फरक दिसला नाही. मी त्या कामात नव्हतो, मी फक्त पुढे त्यावरचं लेखन वाचलं आणि मला मनापासून आनंद झाला. तेवढा पाइप टाकणं ही काही अशक्य गोष्ट नव्हती. कुणीतरी खाली पाहिलं आणि मग ते सुचलं. मात्र चित्रण एका काळाचं असतं. वर्षाला काही मिलिमीटर वाढणाऱ्या जीवाचा लॅग किती धरायचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

उत्तर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या पायांवर लोफेलिया आपणहून येऊन वाढलंय, ही गोष्ट आमच्याकडे फार आवडीने सांगितली जायची. ब्रेंट स्पार या तेलाच्या प्रचंड टाकीवर ते १९९९ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं, मग इतर प्लॅटफॉर्मवरही मिळालं. "बघ, त्यांना आपण चालतो." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पण उभ्या लोखंडी खांबावर गाळ साचायला जागाच नसते, आणि जिथे कटिंग्ज सोडायच्या तोंडाजवळ झुडूप होतं तिथे त्याच्या वरच्या अंगावर गाळ बसून तेवढा भाग मेलेला आढळला होता, खालचं अंग जिवंत. एकाच फांदीचं वरचं अंग मेलेलं, खालचं जिवंत. ते चित्र मी कधी पाहिलेलं नाही, नुसतं वाचलंय, तरी मला ते स्पष्ट दिसतं.

आणि पिल्लं. हिवाळ्याच्या शेवटी, जानेवारी ते मार्च, नॉर्वेच्या पाण्यात लोफेलिया अंडी आणि बीज सोडतं. त्यातून टाचणीच्या डोक्याहून लहान अळी होते. तिच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, ते हलवत ती आठवडेच्या आठवडे पोहते आणि कुठेतरी टणक जागा शोधून बसते. पाण्यात पूड असली तर ते तंतूच कणांनी चिकटून भरतात. जितकी कोवळी अळी तितका त्रास जास्त. तिला अजून स्राव सोडून झाडलोट करायचं पुरतं येत नाही. मोठ्या झुडपांना वाचवायला पाइप आहे. अळीसाठी एकच उपाय मला कळतो, त्या महिन्यांत खोदू नये. हे मी एका बैठकीत बोलून दाखवलं होतं. रिगचं एका दिवसाचं भाडं किती असतं ते मला तिथे आठवण करून देण्यात आलं, आणि तो आकडा मला पाठ होता. मी गप्प बसलो. पुढेही बसलो. ती गोष्ट मला टोचते.

मुंबई हायखाली असलं प्रवाळ नाही. तिथे पंचाहत्तर-ऐंशी मीटर खोल, उबदार पाणी आहे. म्हणजे मी तिथे टाकलेल्या डंपरांखाली साडेआठ हजार वर्षांचं काही गाडलं गेलं नाही, एवढं मी स्वतःला सांगू शकतो. पण मी हे नंतर शिकलो. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

बेंटोनाइट रस्त्यावर सांडला त्या रात्री मी कपाटातली ती तीन पाकिटं काढली. आई टीव्ही बंद करून जपमाळ घेऊन बसली होती. मी एक पाकीट तिच्या तळहातावर ओतलं. पांढरट, बारीक, कोरडं. तिने बोटांनी चाळवलं, चिमूट धरून सहज सोडून पाहिली. "रांगोळी आहे ही," ती म्हणाली. जवळजवळ बरोबर होतं ते, चुनखडकच. मी तिला सगळं सांगितलं, बिट, मड, शेकर, मूठभर धुऊन ठेवायचे ते. तीस वर्षांत मी तिला कधी हे नीट सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मी हेलिकॉप्टरने समुद्रात जायचो आणि चौदा दिवसांनी मळके कपडे घेऊन यायचो. मग तिला प्रवाळाचंही सांगितलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटात मंगळाचं पोवळं आहे, लग्नानंतर आजोबांनी करून दिलेलं, आता अंगठी बोटात फिरते इतकी सैल झाली आहे. तिने ते पोवळं अंगठ्याने चोळलं. "हे जिवंत होतं?" होतं, म्हटलं. तुझं लाल आहे, ते भूमध्य समुद्रातलं असणार. मी पाहिलं ते पांढरं.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. तळहातावरचा चुरा तिने काळजीने परत पाकिटात भरला, एक कणही चादरीवर सांडू दिला नाही. मग विचारलं, "एवढं तू ठेवलंस. बाकीचं?"

समुद्रात, म्हटलं.

"आणि खाली काय होतं?"

मी म्हटलं, बघितलं नाही, आई.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीची कुंडी उचलून स्वयंपाकघरात खिडकीच्या आत ठेवली. तिथे धूळ कमी येते, आईचेही हात वाचतील असं वाटलं. आई काही बोलली नाही. चार-पाच दिवसांत तुळस मलूल झाली, शेंड्याची पानं फिकट पडली, खिडकीकडे झुकली. एका पहाटे फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून उठलो. आई पायपुसण्यावर कुंडी ठेवून ते पायपुसणं इंचाइंचाने गॅलरीकडे ओढत होती. मी धावत जाऊन कुंडी धरली, ओरडलोच तिच्यावर. ती भिंतीला टेकून दम खात म्हणाली, "ऊन लागतं रे तिला."

कुंडी मी पुन्हा कठड्याशी ठेवली. पलीकडे कामगार अजून उठायचे होते, मशीन गप्प होतं. आईने फडकं पिळून माझ्या हातात दिलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "घासू नकोस," म्हणाली. "नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. धूळ आपली आपण येते." मी एक पान दोन बोटांत धरलं. ते इतकं पातळ होतं की खालून माझ्या बोटाची रेष दिसत होती.